न्हाणीजवळची मोसंबी

झाड कोणतं लावायचं यावरून माझ्या सासू-सासऱ्यांचं भांडण मी लग्न होऊन आले तेव्हाही चालू होतं, आणि झाड तर केव्हाच लागलेलं होतं. आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं म्हणणं साधं होतं: कागदी लिंबू लावा, रोज कामाला येतं. मामांना मोसंबीच पाहिजे होती. हे माझे सासरे मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते, आणि एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. नामांतराच्या दंगलीत एसटी बंद होती, तरी या गृहस्थांनी परभणीहून कलम रेल्वेनं मानवत रोडला उतरवलं आणि तिथून सायकलला बांधून घरी आणलं. लावलं कुठं, तर न्हाणीच्या मोरीशी. म्हणजे वेगळं पाणी घालायला नको.

सात वर्षांत झाड हिरवंगार झालं, अंगणभर पसरलं. फूल म्हणून एक नाही. "तुमची मोसंबी निस्ती सावलीला हाय," असं चिडवत आत्याबाई शेजारून लिंबं मागून आणायच्या.

मग त्यांच्या पोटात गाठ निघाली. नांदेडच्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. घरी न्या, म्हणाले, दोन-तीन महिने काढतील. आम्ही त्यांची खाट मागच्या पडवीत, झाडासमोर टाकली. अन्न टिकेना, मोसंबीचा रस तेवढा पोटात राहायचा. एकदा तोंड पुसत त्या मामांना म्हणाल्या, "बाजारची आंबट हाय. आपल्या झाडाची खाल्ल्याबिगर मी काय जात न्हाई."

ती थट्टा होती. मामांनी खरी धरली. दुसऱ्याच दिवशी पाथरीकडच्या बागवाल्या नागनाथरावांना जीपनं घेऊन आले. त्यांनी झाडाखालची ओली माती चिमटीत धरली.

"हे कसं फुलंल? बाराही महिने पाणी प्यायलंय. मोसंबीला ताण द्यावा लागतो, मामा. पाणी तोडा. पानं पिवळी पडून गळायला लागली की मग सोडा. वीस दिवसांत फुलांनी लगडंल."

"आन् फळ?"

"नऊ महिने धरा."

नऊ आणि तीन यांतला हिशेब मला कळत होता. कारकुनी केलेल्या माणसाला कळला नसेल, असं मला वाटत नाही.

दिवाळी झाली आणि मामांनी मोरीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला. तेव्हापासून आमच्या अंघोळीचं, आत्याबाईंचं अंग पुसल्याचं, सगळं पाणी बादल्यांनी समोरच्या नालीत न्यायचं. मला राग यायचा. तो झाडावर काढता येईना म्हणून मी नवऱ्यावर काढायचे. मामा उठल्या उठल्या पानं बघायचे. पानं मलूल झाली, त्यांच्या सुरळ्या झाल्या, पण गळेनात. सात वर्षं पाणी मुरलेली काळी माती ओल लवकर कशाला सोडते! इकडं खाटेवर आत्याबाई मात्र वाळत चालल्या होत्या.

दत्तजयंतीला त्या म्हणाल्या, "सोडा की आता पाणी. तहानलंय बिचारं."

"पानं गळाली न्हाईत अजून. आता सोडलं तर थोडीफार फुलं येतील आन् गळून जातील. फळ धरणार न्हाई."

"फळाचं ऱ्हाऊ द्या. मी फुलं बघते."

"आठ दिवस थांब," मामा म्हणाले. "तुझ्यासाठीच करायलोय की हे सगळं."

आत्याबाई हसल्या आणि कुशीवर वळल्या. आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. त्यांनी पुन्हा पाण्याचं नाव काढलं नाही. संक्रांतीला मी हातावर ठेवलेला तिळगूळ त्यांनी नुसता धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी, करीला, त्या गेल्या.

स्मशानातून परतलेली माणसं आमच्या न्हाणीत एकामागून एक अंघोळ करत होती. पाणी तुंबलं, तेव्हा कुणीतरी तो बोळा उपटून फेकला. मी बघितलं, पण त्या वेळी झाड कुणाला सुचतंय? पुढं तेराव्यापर्यंत पाहुण्यांनी घर भरलेलं, अंघोळी चालूच. ते सगळं पाणी झाडाला गेलं.

पाहुणे गेले, घर रिकामं झालं, आणि एका सकाळी मोसंबी फुलली. पान दिसेना इतकी पांढरी. वास चुलीपर्यंत येत होता.

मामा पडवीत, खाट होती त्या जागी, बराच वेळ उभे राहिले. मग खाली उतरले, चिंध्या गोळा केल्या आणि मोरीत पुन्हा बोळा कोंबायला लागले.

"मामा, आता पाणी तोडलं तर फुलं गळतील," मी म्हणाले. "फळ धरायचं न्हाई."

"फळ मला पाहिजे होतं," ते बोळा दाबत म्हणाले. "तिनं फुलंच मागितली होती."

मी दोन्ही बादल्या भरल्या आणि नालीकडं निघाले. पुढचे कितीतरी दिवस अंगण झाडताना सुपलीभर फुलं निघायची.