पापण्या कापून परत

माझ्या आईच्या उजव्या डोळ्याच्या पापण्यांचे केस कापले, थेंब टाकले, कोणता डोळा ते कळायला कपाळावर पट्टी चिकटवली आणि मग डॉक्टर म्हणाले, हिला परत न्या. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

दोन हजार बाराचं साल. आमगावजवळ एका ट्रस्टच्या दवाखान्यात मोतीबिंदूचं शिबिर होतं. आई, भागीरथाबाई, पासष्टीला टेकलेली. बाबांकडून तिला एचआयव्ही झाला. बाबा लवकर सुटले. ती सरकारी गोळ्यांवर टिकून राहिली. आमगावला गाडीत बसायची, गोंदियाहून गोळ्या आणायची, एकटी, कुणाच्या मिनतवाऱ्या न करता. मी लग्न होऊन सासरी, मुर्रीला. मला म्हणायची, तू तुझा संसार बघ. पण आता एका डोळ्याला काहीच दिसेना, दुसऱ्यात धुकं. एकदा तर भलत्याच स्टेशनावर उतरली. डोळे गेले की गोळ्या चुकणार, गोळ्या चुकल्या की आई जाणार. एवढं मला कळत होतं.

रोगाचं तिनंच आदल्या दिवशी तपासणाऱ्या सिस्टरला सांगितलं होतं. खोटं बोलली असती तर मुकाट्याने ऑपरेशन झालं असतं. आपल्याकडे खरं बोलणाऱ्याचीच चामडी सोलतात.

"सर, ये एचआईवीवाली है," दुसरी सिस्टर ऑपरेशनच्या खोलीच्या दारातून ओरडली. अख्ख्या व्हरांड्याने ऐकलं. आईच्या शेजारी आमच्याच गावचा उदाराम बसला होता, कपाळावर तशीच पट्टी लावून. तो उठला आणि चार माणसं सोडून बसला. म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर होणार होतं.

डॉक्टर बाहेर आले. तोंडावर मास्क. आईकडे बघितलंसुद्धा नाही, मलाच म्हणाले, "आमच्याकडे तशी सोय नाही. नागपूरला न्या."

"पापण्या कापल्यावर आठवलं का तुमाले?"

"आवाज खाली ठेवा, ताई. मला बाकीच्या पेशंटचाही विचार करावा लागतो. हीच औजारं त्यांच्यासाठीही वापरायची असतात."

हे बोलले आणि फसले. उदाराम उठून उभा राहिला. "म्हंजे? धूत नाई का तुमी?"

"तसं नाही हो..."

"माह्या आंधी आत गेला तो कोन होय? त्याले काई रोग नाई, हे कशावरून?"

मग सगळेच उठले. पट्टी लावलेली पंधरा-वीस म्हातारी माणसं डॉक्टरभोवती गोळा झाली. आईची दया येऊन नव्हे, उगाच मोठेपणा देणार नाही मी त्यांना. ज्याला त्याला आपल्या डोळ्याची पडली होती.

"अहो, ऐका!" डॉक्टर ओरडले. "प्रत्येक ऑपरेशननंतर औजारं निर्जंतुक करतो आम्ही. एकाचं दुसऱ्याला काही लागत नाही!"

आई भिंत चाचपत उठली. "मंग मले कायले वापस धाडून राहिले जी?"

डॉक्टर आत गेले. थोड्या वेळाने सिस्टर येऊन म्हणाली, हिचा नंबर शेवटी.

शेवटी म्हणजे दिवस मावळायला. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, उन्हाचा चटका, आणि आजूबाजूची बाकं रिकामी. माझा राग पोटात मावेना. "चाल माय, या मानसाच्या हातून डोरा नको कापून घेऊ."

"राग तुहा, डोरा माहा," ती म्हणाली. "बस चूप."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरच ऑपरेशन झालेल्या डोळ्यावरची पट्टी काढायला आले. हातात एकावर एक दोन-दोन हातमोजे, मास्क हनुवटीवर. आईने डोळ्याची उघडझाप केली, मान पुढे काढली आणि त्यांचा चेहरा जवळून न्याहाळला.

"अगाई, हे तं पोरगंच होय," ती म्हणाली. "मले वाटलं बुढा असन. लहान हाय, म्हनूनच भेऊन राहिला."