पत्र्यावरचा भोपळा

येशूने सांगितलेलं बहुतेक सगळं सगुणाबाईंना पटत असे. शेजाऱ्यावर प्रीती करा, हे मात्र त्याने भागुबाईला पाहण्याआधी सांगितलं असावं, अशी त्यांना दाट शंका होती.

भागुबाई गंगेवर, म्हणजे नदीकाठच्या बाजारात, भाजी विकायची. शरणपुरात तिच्या आणि सगुणाबाईंच्या अंगणात एकच बुटकी भिंत होती. सगुणाबाई निवृत्त नर्स. भागुबाईच्या घरातल्या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी सुई टोचलेली. त्या बदल्यात रोज भिंतीवरून कोथिंबिरीची जुडी यायची आणि तिच्यासोबत सबंध गल्लीच्या बातम्या. असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मग भोपळ्याने घात केला.

वेल सगुणाबाईंनी लावला होता. तो भिंत ओलांडून भागुबाईच्या न्हाणीच्या पत्र्यावर गेला आणि तिथे त्याला एकच, पण चांगला घागरीएवढा लाल भोपळा धरला. सगुणाबाईंनी तो मनोमन हंगामाच्या सणाला देऊन टाकला. दिवाळीनंतरच्या या सणाला चर्चमध्ये जो तो आपल्या पिकातलं काही वेदीपुढे ठेवतो, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि देणाऱ्याचं नाव मोठ्याने पुकारतात. नाव पुकारतात म्हणून काही सगुणाबाई देत नव्हत्या. पण पुकारलेलं कानावर पडायचं, त्याला त्या काय करणार?

"माझा भोपळा छान धरलाय," त्या एकदा भिंतीवरून म्हणाल्या.

"तुमचा कसा? पत्रा माझा हाय."

"मूळ माझ्या अंगणात आहे!"

"मग बसा मुळाला धरून."

भागुबाई चेष्टेत बोलली की खरं, हे सगुणाबाईंनी विचारलं नाही. त्यांनी बोलणंच टाकलं. दुसऱ्या दिवशी भागुबाईने भोपळ्याखाली पेंढा सारला आणि वर गोणपाट घातलं. हा तर उघड उघड कब्जा होता. सगुणाबाई बाहेरून कोथिंबीर आणू लागल्या, पण त्या कोथिंबिरीसोबत बातम्या मिळत नसत आणि घर खायला उठे.

सणाच्या रविवारी भागुबाई पहाटे बाजाराला गेली, तशी सगुणाबाईंनी पत्र्याला शिडी लावली. वय साठीच्या पुढचं, गुडघे कुरकुरणारे. प्रभूच्या कामाला बळ मिळतं, असं पायरीपायरीला स्वतःला बजावत त्यांनी देठ कापला, भोपळा उतरवला आणि रिक्षात मांडीवर घेऊन चर्चला नेला. वेदीपुढे पेरू, मेथी, भाताच्या लोंब्या आणि पाय बांधलेला एक कोंबडा होता. भोपळा सगळ्यांत उठून दिसत होता.

पाळकसाहेबांनी त्या दिवशी नेमकं तेच वचन उपदेशाला घेतलं. दान घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही सलतंय, तर दान तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट करून ये.

चोराच्या मनात चांदणं. सगुणाबाईंना वाटलं, यांनी शिडी पाहिली की काय! भावाशी म्हटलंय, भागुबाईशी नव्हे, अशी एक पळवाट त्यांनी काढून पाहिली. पण डॉक्टरांची चिठ्ठी सोयीप्रमाणे वाचायची सवय त्यांना नोकरीत कधी लागली नव्हती. भर उपदेशात त्या उठल्या आणि बाहेर पडल्या. मागच्या बाकावर कुणीतरी पुटपुटलं, "गॅस चालू राहिला वाटतं."

भागुबाई अंगणात उभी राहून रिकाम्या पत्र्याकडे बघत चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. "बाई, नेला हो मेल्यानं! हात झडो त्याचे!"

सगुणाबाईंनी हात पदराखाली घेतले.

"तुमचा सण म्हनून बाजार अर्धा टाकून आले मी. म्हटलं, बाई काय मागायला येत नाय, आपनच नेऊन द्यावा. पेंढा घातला, उंदरापासून राखला, आन् बघा!" भागुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

सगुणाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "भागुबाई," त्या म्हणाल्या, "तो मेला मीच."

भागुबाईने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमी? शिडीवर? या गुडघ्यांनी?"

"हो. चुकले मी. माफ कर."

"आन् पडल्या असत्या म्हंजे? मला सुई कोन टोचनार व्हतं?" ती आता खरोखर संतापली होती, आणि ते भोपळ्यापायी नव्हतं. सगुणाबाई तिथेच तिच्या गळ्यात पडून रडल्या.

दोघी चर्चमध्ये पोचल्या तेव्हा लिलाव सुरू झाला होता. "सगुणाबाई भालेराव यांच्याकडून..." पाळकसाहेब पुकारत होते.

"थांबा!" सगुणाबाई दारातूनच ओरडल्या. "भोपळा भागुबाईचा आहे. मी तो चोरून आणलाय."

चर्च चिडीचूप झालं. वेदीपुढचा कोंबडा तेवढा आरवला.

चोरीच्या दानाचं काय करावं, ते पाळकसाहेबांना सुचेना. "दिला, सायेब, मी दिला," भागुबाई म्हणाली. "पर असं मिळमिळीत पुकारून कोन घेनार? सरका बरं." गंगेवर कमावलेला तो आवाज चर्चमध्ये असा घुमला, की भोपळा कोंबड्यापेक्षा चढ्या भावाने गेला.

"नाव कुणाचं पुकारू?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"तिचं. पत्रा तिचा आहे," सगुणाबाई म्हणाल्या.

"त्यांचं. मूळ त्यांचं हाय," भागुबाई म्हणाली, आणि दोघी पुन्हा हमरीतुमरीवर आल्या.

सोमवारी सकाळी भिंतीवरून कोथिंबिरीची जुडी आली. मागोमाग भागुबाईचं डोकं वर आलं. "काय वो बाई, ऐकलं का? गल्लीत एका नर्सबाईनं भोपळा चोरला म्हनं!"