अक्काचा गोळा

सुगंधाबाईंच्या छातीची गाठ दोन वर्षांत तिसऱ्यांदा वर आली, तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या धाकट्या भावाला, चुडामणला, बाजूला घेऊन सांगितलं, "औषध लागू पडत नाही. ठणका कमी व्हावा म्हणून गाठ काढतो, एवढंच."

चुडामण जळगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. पेशीतल्या शॅपरोन प्रथिनांवर त्याचं पीएच.डी.चं काम चाललं होतं. उन्हाने, तापाने पेशीतली इतर प्रथिनं वेडीवाकडी होऊ लागली की ही प्रथिनं त्यांना आकारात धरून ठेवतात. कॅन्सरच्या पेशींनाही तीच तगवत असावीत, औषधाच्या माऱ्यातसुद्धा, असं नव्या लेखांत येऊ लागलं होतं. सख्ख्या बहिणीचं, अक्काचं, औषध का हरतंय, हे त्याला थोडंफार कळत होतं. त्यावर उपाय मात्र कुठेच नव्हता.

पारोळ्याहून आलेल्या अक्काने खाटेवर पडल्या पडल्या विचारलं, "तो गोया तुन्हा कामना शे का?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"लई जाय. माले नही तं दुसरीले गुन येवो."

काढलेल्या गाठीचा नमुना जळगावला गोठवून न्यायला हवा होता. गुरांच्या दवाखान्यात रेतनासाठी द्रव नायट्रोजन असतो, म्हणून तो तिथे गेला. त्या आठवड्यात नायट्रोजन आलाच नव्हता. शेवटी थर्मासमध्ये बर्फ भरून, त्यात ती बारीक कुपी खोचून तो दुपारच्या बसमध्ये बसला. मे महिना होता. एरंडोलच्या अलीकडे ट्रक उलटून रस्ता बंद झाला. बस चार तास उन्हात उभी राहिली. टपरीवर बर्फ मिळेना. जळगावला थर्मास उघडला, तर आत कोमट पाणी होतं.

तरी त्याने तपासणी केली. प्रथिनं वेगळी करणाऱ्या जेलवर शॅपरोनचा पट्टा गडद उमटला, त्याला हवा होता तसाच. तो बराच वेळ पाहत बसला. पण उष्णता लागली की मरू घातलेल्या पेशीही हेच प्रथिन बनवतात. पट्टा कॅन्सरचा की उन्हाचा, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. त्याने वहीत 'नमुना बाद' लिहिलं.

पुढच्या रविवारी तो पारोळ्याला गेला. भावजी गिरधरनाना बाहेर गेले होते.

"काय निंघनं?" अक्काने विचारलं.

खोटं बोलायचं ठरवून आलेला चुडामण खरं बोलून गेला. "खराब झाला, अक्का. उन्हाने."

तिने हात काखेकडे नेला. मग म्हणाली, "आखो एक शे ना. काखमा. तो लई जाय. आते सकायमा निंघजो."

डॉक्टर नाही म्हणाले. तिच्या अंगात आता भूल सोसायचीही ताकद उरली नव्हती. वीस दिवसांनी अक्का गेली.

दहाव्याला गिरधरनाना चार माणसांत म्हणाले, "आमनी सुगंधाबाईना गोयावर जळगावले औषध बनी राहिनं. इचारा या चुडामणले."

नमुना खराब झाल्याचं अक्काने नवऱ्याला सांगितलंच नव्हतं.

सगळे त्याच्याकडे वळले. एका म्हाताऱ्याने तर हात जोडले. चुडामणने मान खाली घातली. लोकांना वाटलं, तो रडतोय.