फळ्यावरचं एकही नाव पुसणार नाही

जुना म्हणा, कोपऱ्यात तडा गेलेला म्हणा, पण मित्रांनो, मी फळा आहे आणि माझ्यावर अजून लिहिता येतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या काही महिन्यांत मला पुसायला बरेच हात पुढे आले. मी कुणालाच बधलो नाही. जागा तेवढी बदलली माझी, ती कशी ते सांगतो.

माझा जन्म मूर्तिजापूरच्या एका सुताराकडचा. सागवानी फळ्या जोडून, घासून, काळा रंग देऊन त्याने मला आमच्या गावच्या शाळेत पाठवलं. तीस वर्षं मी पाढे, शुद्धलेखन आणि गुरुजींची चिडचिड सोसली. माझ्यावरचं वाचताना मुलं ओठ हलवायची, तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं. पुढे शाळा नव्या इमारतीत गेली. तिथे पांढरा गुळगुळीत फळा आला आणि मला जुन्या खोलीतच सोडून दिलं. खोलीत कापूस भरला, माझ्या खिळ्याला कुणी फाटकी छत्री टांगली. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, रागही आला.

मग ग्रामपंचायतीने ती खोली रविवारच्या उपासनेसाठी गावातल्या ख्रिस्ती मंडळीला दिली. घरं अकराच. पाळक महिन्यातून एकदा अकोल्याहून येतात, बाकीचे रविवार पार्वताबाई सांभाळतात. या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसलं, नवा रंग लावला आणि मधोमध एक रेघ ओढली. डावीकडे ‘आजारी’, उजवीकडे ‘अधिकारी’. शनिवारी मागचं पुसून दोन्हीकडे नावं लिहायची आणि रविवारी सगळ्यांनी मिळून त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. राज्य चालवणाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं शास्त्रात सांगितलं आहे, आणि पार्वताबाई सांगितलेलं काम टाळणाऱ्यांतल्या नाहीत. राष्ट्रपतींपासून गावच्या कोतवालापर्यंत सगळे माझ्यावर येऊन गेलेत.

त्यांचा नियम एकच. ज्याला मत दिलं त्याचंही नाव लिहायचं आणि ज्याला दिलं नाही त्याचंही. निवडणूक लागली की उभे राहिलेले सगळे. प्रार्थनाही गुळमुळीत नसते. “प्रभू, सरपंचाले सुबुद्धी दे, नाल्यावरचा पूल दोन वर्षांपासून अर्धाच पडून हाय,” असं त्या देवाला स्पष्ट सांगतात आणि मंडळी जोरात ‘आमेन’ म्हणते.

यंदा सरपंचपदाची निवडणूक लागली. आधीचेच सरपंच खुशालराव पुन्हा उभे राहिले आणि त्यांच्यासमोर दामिनीताई. त्या शनिवारी नावं लिहिण्याची पाळी किसनरावांची होती. हे आमच्या खोलीची झाडझूड करणारे म्हातारे सेवक. त्यांचा चष्मा दुरुस्तीला अकोल्याला गेलेला, तरी गृहस्थ अंदाजाने लिहायला उभे राहिले. डाव्या बाजूला आधी ‘मैनाबाई, गुडघा’ असं होतं. त्याच्याखाली त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘खुशालराव’.

रविवारी कुणीतरी माझा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. सरपंच आजारी! दुपारपर्यंत खुशालरावांच्या ओसरीवर माणसं केळी आणि शहाळी घेऊन हजर. ते बिचारे धडधाकट, फेटा बांधून प्रचाराला निघालेले. गावभर एकच चर्चा, की आजारी माणसाला मत कशाला द्यायचं. संध्याकाळी त्यांचा कार्यकर्ता किशोर तणतणत खोलीत आला.

“भाऊले आजारी पाडलं तुमी!” तो पार्वताबाईंना म्हणाला.

“चूक आमची हाय. मी सोता घरी येऊन माफी मागीन.” त्यांनी लगेच डावीकडचं नाव पुसलं आणि उजवीकडे लिहिलं, दामिनीताईंच्या नावाशेजारी.

किशोरचं तेवढ्याने भागलं नाही. “हे दुसरं नाव पुसा. लिहायचं त फक्त भाऊचं लिहा.”

“काहून? देवापुढं बी पॅनल पाडून राहिला का तू?”

“खोली पंचायतीची हाय, मावशी. नाव पुसा, नाई त किल्ली द्या.”

मंडळीला दुसरं छप्पर नव्हतं. किसनराव तर रडकुंडीला आले, सगळं आपल्यामुळे झालं म्हणून. पार्वताबाईंनी पदराची गाठ सोडली, किल्ली काढली आणि किशोरच्या हातावर ठेवली.

“घे. नाव पुसत नाई. फळा मात्र आमी नेतो. तुमी त त्याले कवाच टाकून देला होता.”

किसनराव आणि पार्वताबाईंची नात अपेक्षा यांनी मला दोन बाजूंनी उचललं. ही पोरगी अमरावतीला नर्सिंग शिकते, शनिवार-रविवार घरी येते. दोघांनी मला भर बाजारातून, पंचायतीसमोरून, नावांसकट नेलं. शाळेतही माझी एवढी मिरवणूक कधी निघाली नव्हती.

तेव्हापासून मी पार्वताबाईंच्या अंगणात न्हाणीच्या भिंतीला टेकून असतो. मंडळी उन्हात पोत्यांवर बसून उपासना करते. मतदान झालं. खुशालराव अठ्ठावीस मतांनी निवडून आले, गुलाल उधळला, आणि किल्ली काही आली नाही.

त्या शनिवारी लिहायची पाळी अपेक्षाची होती. तिने फडकं घेतलं आणि थेट खुशालरावांच्या नावावर ठेवलं.

“याच्यासाठी काहून प्रार्थना करायची, आजी? आपली जागा घेतली त्यानं. मैनाआजी उन्हात चक्कर येऊन पडली परवा. मी नाई लिहीत याचं नाव.”

खरं सांगतो, मित्रांनो, मलाही वाटलं, पुसून टाक पोरी.

पार्वताबाई भाकरी थापत होत्या. पिठाच्या हाताने तशाच बाहेर आल्या. “किशोरनं नाव पुसा म्हटलं, तवा आपण किल्ली देल्ली, पण नाव पुसलं नाई. आता तू म्हणतं म्हणून पुसू? मंग किशोरचं काय चुकलं होतं?”

अपेक्षाने फडकं खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“राग हाय त रागानं लिही,” पार्वताबाई म्हणाल्या. “पण लिही. अन् उद्याची प्रार्थना तूच कर.”

अपेक्षाने खडू उचलला आणि इतकं दाबून लिहिलं की ‘ख’ काढतानाच तो मोडला. उरलेल्या तुकड्याने तिने नाव पूर्ण केलं. खडूतला खडा माझ्या रंगातून थेट लाकडात उतरला. मला दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही.

रविवारी ती उभी राहिली. “प्रभू, मले खुशालरावचा लय राग हाय, तुले मालूम हाय. तरी त्याले चांगलं राज्य करू दे. तो पूल होऊ दे. अन् मैनाआजीले सावली दे, त्याच्याच हातानं दे.” कुंपणापलीकडे किशोर मोटारसायकल थांबवून ऐकत होता. ‘आमेन’ झाल्यावर तो निघून गेला.

मित्रांनो, मला जपा, उन्हापावसात माझ्यावर ताडपत्री टाका, एवढं मागायचा हक्क माझ्या वयाला आहे. पण त्याहून मोठं मागणं दुसरंच आहे. कुणाच्या धाकाने माझ्यावरचं नाव पुसू नका आणि स्वतःच्या रागानेही पुसू नका. किल्ली अजून आलेली नाही. येईल तेव्हा येईल. दर शनिवारी माझ्यावरून ओलं फडकं फिरतं, सगळी नावं जातात आणि पुन्हा लिहिली जातात. खुशालरावांचं मात्र लाकडात कोरलं गेलं आहे. ते आता त्यांनी स्वतः येऊन पुसलं तरी जाणार नाही.