पितळी पट्टी

कॉनल ब्रेसलिनने स्कॅनच्या खोलीबाहेर खाटेचा ब्रेक सोडला, पण खाट काही हलवली नाही.

"काय रे, आज संप आहे का?" खाटेवरून नुआलाबाई म्हणाल्या.

तो हसला, पण ते हसणं तोंडदेखलं होतं. आत डॉक्टर आणि तंत्रज्ञ जे बोलले ते त्याने ऐकलं होतं. पोर्टरसमोर कुणी आवाज खाली करत नाही. भिंतीला कान असतात, पेशंटची ने-आण करणाऱ्याला नसतात, असाच सगळ्यांचा समज. पाठ धरली म्हणून आलेल्या बाईंच्या हाडाहाडांत रोग पसरला होता. महिना गेला तर खूप. उद्या डेरी शहरातून त्यांची मुलगी आली, की डॉक्टर दोघींना सांगणार होते.

नुआला गिल्डेया काही परक्या नव्हत्या. याच हॉस्पिटलात सव्वीस वर्षं त्यांनी चहाची गाडी फिरवली होती. 'लोकांच्या खाटा ढकलता ढकलता म्हातारा होशील, नर्सिंगला जा,' असं चार वर्षं कॉनलच्या मागे टुमणं लावणाऱ्याही त्याच. शेवटी चौतिसाव्या वर्षी त्याने अर्ज केला, जागा मिळाली, आणि चार आठवड्यांनी कॉलेज सुरू होणार होतं. आतलं बोलणं त्याच्या तोंडून फुटलं असतं तर नोकरीही गेली असती आणि ती जागाही.

नवी इमारत जुनीला जिथे जोडली आहे तिथे जमिनीवर एक उंच पितळी पट्टी आहे. पॅकी मॅकगिन्ली हा सगळ्यांत जुना पोर्टर. त्याने प्रत्येक नव्या माणसाला एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवलेली. हाड मोडलेला पेशंट असेल, किंवा ज्याचं फार उरलेलं नाही असा असेल, तर पट्टीपाशी खाट फिरवायची, आपण उलटं चालायचं आणि एकेक चाक अलगद उतरवायचं; गेलेल्यालाही तसंच. बाकीच्यांना सरळ न्यायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण नुआलाबाईंना ते पोर्टरांइतकंच पाठ होतं. त्यांची स्वतःची गाडी रोज दोनदा त्या पट्टीवरून सरळ जायची, कप खणाणायचे, आणि पलीकडच्या वॉर्डात कुणीतरी म्हणायचं, चहा आला.

सकाळी त्याने त्यांनाही सरळच नेलं होतं. तेव्हा त्यांनी दात आवळलेले त्याने पाहिले होते. आता खाट फिरवावी तर बाईंना सगळं कळणार, न फिरवावी तर त्यांचा जीव कळवळणार. तो रग्बीबद्दल बोलत राहिला, पाऊस कधी थांबेल ते बोलला. पट्टी आली. त्याने मनाशी ठरवलं होतं सरळ न्यायचं, पण हातांनी ऐकलं नाही. खाट फिरली.

चारही चाकं पलीकडे अलगद उतरली.

"माझं काही मोडलेलं नाही, कॉनल," त्या म्हणाल्या.

त्याने खाटेच्या कठड्यावरचे हात काढले नाहीत. खोटं बोलायला हवं होतं आणि एकही खोटं सुचेना.

"असू दे," त्यांनी त्याच्या हातावर थोपटलं. "तू काही बोलला नाहीस, मी काही ऐकलं नाही."

वॉर्डाच्या दाराशी त्यांनी त्याला थांबवलं.

"माझ्या शेवटच्या खेपेला मात्र सरळ ने. उलटं जायला मी मागे काही विसरले नाहीये."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं. सिस्टर म्हणाली, बिचाऱ्या बाईंना काहीच कल्पना नव्हती, केवढा धक्का बसला, तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या. कॉनल ते ऐकून कपड्यांच्या कोठीत गेला आणि दार लावून रडला.

बाई पुरता महिनाही थांबल्या नाहीत. कॉनलचा कामाचा शेवटचा शुक्रवार होता, दुपारची वेळ. रीतीप्रमाणे वॉर्डांची दारं लावून घेतली. शवागाराकडे न्यायची झाकलेली गाडी पॅकीने पुढून धरली, कॉनलने मागून. पट्टी आली तसा पॅकी सवयीने गाडी फिरवायला लागला.

"नको. सरळ," कॉनल म्हणाला.

पॅकीने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि गाडी सरळ केली. गाडी पट्टीवर चढली, खण्ण करून आदळली आणि पलीकडे गेली. त्या लांबलचक व्हरांड्यात आवाज बराच वेळ राहिला.

"चहा आला," पॅकी हळूच म्हणाला.

कॉनलने मान हलवली आणि गाडी पुढे ढकलली.