पिपाचं वय

गोजरानं हळद खोबरेलात कालवून पिपाच्या बुडाला तिसऱ्यांदा हात फिरवला, तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. अकराला येते म्हणालेली बाई साडेदहालाच हजर. गोजरानं पीप घाईघाईनं सरळ उभं केलं आणि हात पदराला पुसले. हळद काही अशी जात नाही.

पीप म्हणजे गुडघाभर उंचीचं, काळपट लाकडाचं, चार लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं. गोजराच्या नवऱ्याच्या, म्हणजे गोटीरामच्या आजोबांना ते मिठागराच्या बांधाशी भरतीच्या पाण्यात सापडलं होतं. मिठागर गेलं, शेतं गेली, तळवलीतल्या त्यांच्या कौलारू घराच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली. पीप मात्र तळमजल्यावर देव्हाऱ्याशेजारी तसंच राहिलं. घरातल्या प्रत्येक नवरीला हळदीचं पाणी त्यातूनच घालायचं, आणि खाडीनं दिलं तसं ते ठेवायचं, त्याला खिळा नाही की हातोडी नाही, असा गोटीरामच्या घराचा नेम होता.

नेम मोडणाऱ्याचं काय होतं, हेही घराला माहीत होतं. चौदा वर्षांपूर्वी गोटीरामच्या धाकट्या बहिणीनं, जयमालानं, लेकीच्या हळदीला पीप नेलं आणि परत आणताना सैल झालेली पट्टी लोहाराकडून आवळून आणली. बिचारीला वाटलं, भाऊ खूश होईल. गोटीराम ओरडला नाही. ओरडणं त्याच्या स्वभावात नव्हतंच. त्यानं फक्त बोलणं बंद केलं. अजूनही दर वर्षी जयमाला येते, राखी बांधते, त्याच्या तोंडाकडे बघते आणि जेवून निघून जाते.

आता आठ दिवसांवर धाकट्या लेकीची, मनस्वीची हळद आली होती, आणि थोरल्या लेकानं, मितेशनं नाक्यावर बॅनर लावायचं मनावर घेतलं होतं. नुसता नवरा-नवरीचा फोटो कोण बघतो? वर पिपाचा फोटो, खाली ‘इतक्या वर्षांची परंपरा’. किती वर्षांची, ते सांगायला त्यानं मुंबईच्या एका संग्रहालयात जुन्या लाकडी वस्तू तपासणारी ईश्वरी नावाची मुलगी शोधून काढली होती.

"या मॅडम, या. मम्मी, पानी आन गो," मितेश म्हणाला.

पाणी सून मनालीनं आणलं. गोजरा भिंतीला टेकून उभी राहिली.

अडतीस वर्षांपूर्वी, चोवीस वर्षांची असताना, तिनं पीप धुवायला काढलं आणि बूड दोन तुकडे होऊन तिच्या हातात आलं. सासू तेव्हा तापानं पडलेली. गोजरानं पीप पोत्यात घातलं, बाप आजारी असल्याची थाप मारली आणि उरणला माहेर गाठलं. तिथल्या होड्या बांधणाऱ्या सुतारानं फणसाचं नवं बूड बसवून दिलं. चौथ्या दिवशी ती परत आली, आणि कुणाला काही कळलं नाही. पण चोराच्या मनात चांदणं. पुढं घरात काहीही बिनसलं, मितेश दहावीला नापास झाला, मितेश-मनालीचं पहिल्या वर्षी वाजलं, की गोजराला आधी ते बूड आठवायचं.

ईश्वरीनं पिशवीतून बॅटरी, भिंग आणि मोजपट्टी काढली. फळीच्या कडा बघितल्या, पट्ट्यांवरचे खिळे बघितले, आतून हात फिरवला. तिला कसलीच घाई नव्हती. गोटीराम खुर्चीत पुढे सरकून बसला होता, शाळेत पोराचा निकाल घ्यायला आलेल्या बापासारखा.

"काका, हे आपल्याकडचं लाकूडच नाही," ती म्हणाली. "हा ओक आहे, विलायती. जहाजावर दारू, खारवलेलं मांस अशा पिपांत भरून यायचं. आतली खाच हातानं कोरलेली आहे, आणि पट्ट्यांचे खिळेही हातानं घडवलेले. शंभराच्या वर नक्की. एकशे दहा, एकशे वीस म्हणू या."

"दीडशे नाय का बसत?" मितेश म्हणाला. "बॅनरवाला लाइनवर हाय, मॅडम."

"नाही बसत."

"शंबर का आसनात," गोटीराम म्हणाला. "आजानं पान्यातून आनलंय ना, बस झाला." त्याचा आवाज भरून आला होता. गोजराला त्या क्षणी त्याची इतकी माया आली की सांगता सोय नाही, आणि तितकीच भीतीही वाटली.

ईश्वरीनं पीप आडवं केलं. बॅटरी बुडावर थांबली. तिनं बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, आणि सहज वर पाहिलं. गोजरानं आपले पिवळे तळवे पदराखाली घेतले.

"चहा टाकू का?" ती म्हणाली. "का आदी नाश्ता? गरम घावन हायेत."

"नंतर, काकू." ईश्वरीनं वहीत काहीतरी लिहिलं, पीप उभं केलं आणि झाकण उचलून खिडकीपाशी नेलं. उलटं केलं, सुलटं केलं. "हे मात्र वेगळंच आहे. सागवान आहे, यंत्रावर रंधा मारलेलं. वरून चहाच्या पाण्यासारखं काहीतरी लावून काळं केलंय. पाच-सहा वर्षांपेक्षा जुनं नाही हे."

गोजराला आधी कळलंच नाही. झाकण? झाकणाला तर तिनं कधी हात लावला नव्हता. आपल्याच कानांवर तिचा विश्वास बसेना.

"कसला पाच-सा वर्साचा?" गोटीराम म्हणाला.

मनालीच्या हातातल्या ताटलीत रिकामे पेले एकमेकांवर किणकिणले. तिनं ताटली छातीशी धरली. ठाण्याच्या फ्लॅटात वाढलेली पोर, आगरी घरात पडली. पहिली दोन वर्षं सासरा तिच्याशी मोजून चार शब्द बोलला असेल. आता कुठे तो तिला हाक मारून औषधाची गोळी मागायला लागला होता. गोजरानं सुनेच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. ते तोंड तिच्या ओळखीचं होतं. अडतीस वर्षांपूर्वी उरणच्या एसटीत, मांडीवर पोतं घेऊन बसलेल्या बाईचं तोंड असंच असणार.

"झाकन कोनी बदलला?" गोटीरामनं विचारलं. आवाज चढला नव्हता.

मितेशनं फोन कानापासून खाली घेतला. बुडाचं नाव अजून कुणी काढलं नव्हतं. झाकणावरच सगळं निभावलं तर बुडाकडे कोण बघणार होतं? गप्प राहिलं की झालं. गोजराच्या मनात हे आलं, नाही असं नाही. चांगला घोटभर वेळ ते मनात राहिलं.

"मी," ती म्हणाली.

मनालीनं मान वर केली.

"हातातना पडून फुटला. घाबरले नि बदलून घेतला."

गोटीरामनं तिच्याकडे पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्यानं तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. जयमालाकडे पाहताना मात्र तिनं त्याला पाहिलं होतं. मग त्यानं मान वळवली.

"मितेश," तो म्हणाला, "तुज्या आयला सांग, पावनीला चा दे."

गोजरा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मितेशनं काहीच सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. म्हणजे हे सुरू झालं तर, तिच्या मनात आलं. आता मीठ हवं असलं तरी मितेश, आणि दिवा मालवायचा असला तरी मितेश.

ईश्वरी अवघडली होती. काहीतरी बरं बोलावं म्हणून तिनं वही उघडली. "काका, जुन्या वस्तूंना दुरुस्त्या असतातच. बूडसुद्धा नंतरचंच आहे. फणसाचं, चाळीसेक वर्षांपूर्वीचं. पण काम काय सुंदर केलंय! होडीला मारतात तशी सांध्यात कापसाची वात भरलीय. त्या वेळी कुणी हे केलं नसतं तर आज पीप राहिलंच नसतं."

गोजरानं स्वयंपाकघराच्या दाराची चौकट धरली.

गोटीरामनं उठून पीप पुन्हा आडवं केलं. मग त्यानं बुडावरून हात फिरवला.

"आयनं केला आसंल," तो म्हणाला. त्याचे डोळे पाणावले. "तिला वस्तूची कदर व्हती. बोलली नाय कदी, पन करून ठेवला. आताच्या बायांना काय कळतंय."

"मग मॅडम, शंभर टाकू?" मितेशनं हळूच विचारलं.

स्वयंपाकघरात गोजरानं पातेल्यात पाणी ओतलं. मागून मनाली आली आणि दार लोटून घेतलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आई, तुमी कशाला... मी सांगते बाबांना. आत्ता जाऊन सांगते."

"गप ऱ्हा. आठ दिसांवर हळद हाय." गोजरानं गॅस पेटवला. आलं ठेचलं, साखर टाकली. बाहेर गोटीराम ईश्वरीला आपल्या आईबद्दल सांगत होता, आणि ती मधून मधून ‘हो का’ म्हणत होती. गोजरानं थोडा वेळ ते ऐकलं. मग सुनेच्या जवळ सरकून, अगदी हलक्या आवाजात तिनं विचारलं,

"त्या झाकनवाल्या सुताराचा नंबर हाय का गो तुज्याकडं? बूड मागल्या वर्सापासून गळतंय."