पाटीवरचा आकडा

पंचवीस वर्षं मी भाड्याने ट्रेलर ओढतोय. रोलर, जनरेटर, काँक्रीटचे मिक्सर, एकदा तर एका माणसाचं अख्खं लाकडी घर ओढून नेलं. आणि परवा भर रस्त्यात एका तपासणीवाल्याने मला अडवलं आणि सांगितलं, की धंद्यासाठी एवढा ट्रेलर ओढायला आता वेगळं लायसन्स लागतं, आणि ते तुमच्याकडे नाही. अहो, ट्रेलर रिकामा होता! मी खाली उतरून त्याला म्हटलं, यात माझा जेवणाचा डबासुद्धा नाही, वजन कशाचं धरताय? तो म्हणाला, रिकामा की भरलेला याच्याशी नियमाला देणंघेणं नाही, पाटीवर जो आकडा आहे तोच धरायचा. पाटी म्हणजे ट्रेलरच्या दांड्याजवळ बनवणाऱ्याने रिव्हेट मारून बसवलेला पत्र्याचा तुकडा. माझ्या पाटीवर पस्तीसशे किलो. तळपायाची आग मस्तकात गेली, पण एक महिन्याची मुदत मागून मुकाट्याने घरी आलो.

आधी लेखी परीक्षा, मग चालवून दाखवायचं. कोणाला, तर मला, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. माझी लेक ठमी शाळेत गणित शिकवते, तिला तर आयताच विद्यार्थी सापडला. दुपारची जेवणं उरकल्यावर तिने मला टेबलाशी बसवलं, सरावाच्या प्रश्नांचा छापील कागद पुढे ठेवला, हातात पेन्सिल दिली आणि स्वतः लाल पेन घेऊन समोर बसली.

पहिलाच प्रश्न. ट्रेलरच्या पाटीवर पस्तीसशे किलो आहे, ट्रेलरचं स्वतःचं वजन नऊशे, तर जास्तीत जास्त किती माल भरता येईल? मला हसू आलं. हे तर शेंबडं पोरही सांगेल. मी पस्तीसशे लिहिलं आणि ठमीने त्यावर लाल फुली मारली.

मी भडकलो. कागद चुकीचा छापलाय म्हटलं, छापणाऱ्याने जन्मात कधी ट्रेलर जोडलाय का म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, पाटीवरचा आकडा ट्रेलरसकट असतो, त्यातून नऊशे वजा करायचे, उरतात सव्वीसशे. वर हसून म्हणते कशी, म्हणजे बाबा, तुम्ही इतकी वर्षं नाकापेक्षा मोती जड करून फिरत होता.

मी तसाच उठलो आणि मागच्या शेडमध्ये गेलो. चिंधी घेऊन पाटी पुसली, चष्मा लावला. पस्तीसशे हा आकडा मोठा, तो मला पाठच होता. त्याच्याआधी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ट्रेलरसह एकूण वजन. खालच्या ओळीत, रिकाम्या ट्रेलरचं वजन नऊशे. मला वाचता येतं हो. पंचवीस वर्षांत मी ते वाचलं मात्र नव्हतं.

आणि मग मला तो रोलर आठवला.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान माझ्याकडे गाडी चालवायचे. एके दिवशी याच ट्रेलरवर बत्तीसशे किलोचा रोलर मी चढवला. अजून तीनशे किलो शिल्लक आहेत म्हणून वर दोनशे किलोचं भरलेलं पाण्याचं पिंपही मीच ठेवलं आणि मेहुण्यांना जा म्हणून सांगितलं. उतारावर ट्रेलरने गाडीला पुढे ढकलत नेलं. खाली बसची वाट बघत माणसं उभी होती. मेहुण्यांनी गाडी बाजूच्या भिंतीवर घातली. माणसं वाचली, पण मेहुण्यांच्या उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. दवाखान्यात ते एकच सांगत राहिले, ब्रेक लागत नव्हता.

आणि मी काय केलं? चौकशीत छाती पुढे काढून सांगितलं, की माल चौतीसशे, पाटी पस्तीसशे, ब्रेक नवे, तेव्हा हेच वेगात आले असणार. साहेबानेही मान डोलावली. मेहुण्यांचं लायसन्स गेलं. बहिणीने मला एकदाच विचारलं होतं, दादा, खरंच वेगात होते का? वेगातच होते, असं मी तिला सांगितलं. तेव्हापासून तिने त्यांना स्कूटरलासुद्धा हात लावू दिलेला नाही. ती चालवते, ते पाय ताठ करून मागे बसतात. मी त्यांच्या घरी जायचो तो बहिणीशी बोलायला, त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवायचो.

चौतीसशे आणि नऊशे, त्रेचाळीसशे. आठशे किलो जास्त. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी नऊ वर्षं मारल्या. मी तिथेच जमिनीवर बसलो. ठमी मागून आली तेव्हा तिला सगळं सांगितलं, पण तिने मला धीरबीर काही दिला नाही. आत्याला कधी सांगणार, एवढंच विचारलं.

तो फुली मारलेला कागद खिशात घालून मी निघालो.

मेहुणे घरापुढेच पंक्चरचं दुकान चालवतात. स्टुलावर बसून ट्यूब पाण्यात बुडवून बघत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, रोलर, पिंप, पाटी. त्यांनी एक मुस्काटात ठेवून दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी ट्यूब बाजूला ठेवली, हात पुसले.

"मला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. "मी वेगात नव्हतो हे मला माहीतच आहे. आत चला. तिला सांगा."

बहीण ओट्याशी ताटं पुसत होती. तिलाही मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. ऐकून ती चक्क हसली.

"पुरे रे दादा," ती म्हणाली. "तुझं मन मोठं, म्हणून त्यांची चूक स्वतःवर घेतोयस."

मी गारच पडलो. मी बोललेलं तिच्या मनात इतकं घट्ट बसलं होतं, की आता माझ्या सांगण्यानेही ते निघत नव्हतं. मी कागद काढून ओट्यावर ठेवला. म्हटलं, पहिलाच प्रश्न बघ, हा पस्तीसशे आज दुपारी मी माझ्या हाताने लिहिलाय, अजूनसुद्धा मला तेच खरं वाटत होतं. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. बोटांवर काहीतरी मोजलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं. मेहुणे दाराची चौकट धरून उभे होते. ती त्यांच्याकडे वळली.

"तुम्ही तेव्हा हेच सांगत होता?"

"एवढं गणित मला कुठलं यायला," ते म्हणाले. "मी फक्त म्हणत होतो, ब्रेक लागत नव्हता."